पाऊण डॉलरचा घोळ

मागच्या वीकांताला भोसरीला मामाकडे गेलो होतो. मामाचा तिथे एमआयडीसीत छोटासा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक गाळा, तीन सीएनसी मशिनं, अकरा माणसं आणि काचेच्या केबिनमध्ये दोन कॉम्प्युटर. दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी निमित्त निघतं (प्रिंटर रुसलाय, जीएसटीचं पोर्टल लॉगिन घेत नाहीये) आणि मामाचा फोन येतो. आपण सॉफ्टवेअरवाले म्हणजे नातेवाइकांच्या लेखी वायरमन. असो.

या वेळचं कारण जरा गंभीर होतं. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाला त्याच्या नेहमीच्या सप्लायरकडून मेल आली, की आमचं बँक खातं बदललंय, यापुढचं पेमेंट या नव्या खात्यात करा. त्याने केलं. काही लाख रुपये. पंधरा दिवसांनी सप्लायरचा फोन, "शेठ, पेमेंटचं काय?" तेव्हा कुठे नीट बघितलं, तर मेलच्या पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे होतं. तोवर पैसे खात्याखात्यांतून फिरून पसार झालेले.

मामा मनातून हादरला होता, पण कबूल करायला तयार नव्हता. चहा मागवला आणि म्हणाला, "त्याचं सोड, त्याचा टर्नओव्हर मोठा आहे. माझ्याकडे काय आहे रे चोरण्यासारखं? चार ड्रॉइंगं आणि थकलेली बिलं!"

हा प्रश्न मी आजवर इतक्या जणांकडून ऐकलाय... दवाखाना चालवणाऱ्या मित्राकडून, क्लासेस घेणाऱ्या काकूंकडून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. आणि गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर १९८६ सालीच मिळालेलं आहे. तेही पंचाहत्तर सेंटच्या हिशेबातून. चहा संपेपर्यंत जमलं तेवढं मामाला सांगितलं. उरलेलं इथे.

तर झालं असं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. तिथे क्लिफर्ड स्टोल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ होता. दुर्बिणींच्या कामाचं अनुदान संपलं म्हणून त्याला हाकलून न देता त्याच संस्थेच्या तळघरातल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये पाठवलं. थोडक्यात, बिचारा बेंचवर आला :-) त्या काळी कॉम्प्युटरचा वेळ विकला जायचा. कुणी किती सेकंद मशिन वापरलं त्याचं बिल त्या त्या विभागाला लागायचं. नवीन माणसाला काहीतरी काम द्यायचं म्हणून ऑगस्ट १९८६ मध्ये त्याला सांगितलं, की मागच्या महिन्याच्या बिलात पंचाहत्तर सेंटचा फरक येतोय, तो शोध. एकूण बिल २३८७ डॉलरचं. दोन वेगवेगळे प्रोग्रॅम हिशेब ठेवत होते आणि दोघांची बेरीज जुळत नव्हती.

आता तुम्ही-मी असतो तर 'राउंडिंग एरर' म्हणून तिकीट बंद केलं असतं. (खोटं बोलू नका, केलं असतं.) पण हा पडला शास्त्रज्ञ. त्याचं म्हणणं, मोठी चूक कुणीही शोधेल, छोट्या चुकीचं कारण सापडत नसेल तर त्याचा अर्थ आपल्याला यंत्रणा कळलेली नाही. शोधता शोधता त्याला 'हंटर' नावाचा एक युजर सापडला. या हंटरने पंचाहत्तर सेंटचा वेळ वापरला होता आणि बिल कुणाच्या नावावर फाडायचं त्याचा पत्ताच नोंदीत नव्हता. स्टोलने खातं काढून टाकलं.

मग दुसऱ्याच एका संस्थेकडून तक्रार आली, की तुमच्याकडून कुणीतरी शनिवारी आमच्या मशिनमध्ये घुसायचा प्रयत्न करत होतं. नोंदी बघितल्या तर नाव निघालं स्व्हेंटेक. हा माणूस खरा होता, प्रयोगशाळेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. फक्त एकच अडचण होती. तो तेव्हा इंग्लंडात केंब्रिजला होता. माणूस गेला, खातं मात्र तसंच उघडं राहिलं. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

पुढे स्टोलने जे केलं ते मला फार आवडतं. बाहेरून येणाऱ्या पन्नासेक फोनलाइन होत्या. एका शुक्रवारी संध्याकाळी लोक घरी गेल्यावर या पठ्ठ्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले, प्रत्येक लाइनला एकेक जोडला आणि तिथेच टेबलाखाली झोपला. रविवारी सकाळी एका प्रिंटरमधून सुमारे ८० फूट कागद बाहेर पडलेला होता. त्यावर पाहुण्याने दाबलेलं प्रत्येक बटण उमटलं होतं. आपण आज ज्याला 'लॉग' म्हणतो तो हाच, फक्त हा हातात धरून वाचता येत होता आणि पाहुण्याला तो पुसता येत नव्हता.

त्या कागदावरून पाहुण्याची युक्ती कळली. त्या मशिनवर जीएनयू ईमॅक्स होतं आणि त्यातला मेल हलवणारा एक छोटा प्रोग्रॅम फाइल कुठेही नेऊन ठेवू द्यायचा. पाहुण्याने सिस्टिमच्या एका नेहमीच्या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःचा बनावट प्रोग्रॅम ठेवला. सिस्टिमने तो आपलाच समजून इमानेइतबारे चालवला आणि पाहुणा झाला मालक. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेने अंडं ठेवावं तसं. स्टोलने १९८९ साली लिहिलेल्या पुस्तकाचं नावही त्यावरूनच पडलं, 'द कुकूज एग'. आपल्याकडे कुणी भाषांतर केलं तर 'कोकिळेचं अंडं' हेच नाव द्यावं लागेल.

आता मामाच्या प्रश्नाकडे. या प्रयोगशाळेत चोरण्यासारखं काय होतं? जवळजवळ काहीच नाही! इथे कुठलंही गुप्त काम होत नव्हतं. पाहुण्यालाही तिथल्या भौतिकशास्त्रात काडीचा रस नव्हता. तो तिथे यायचा आणि लगेच पुढच्या दाराने बाहेर पडायचा. प्रयोगशाळेच्या मशिनवरून नेटवर्कवरच्या लष्करी संगणकांकडे. 'एसडीआय', 'न्यूक्लिअर' असे शब्द शोधत. त्याने सुमारे ४५० संगणकांची दारं ढकलून पाहिली आणि तीसहून जास्त उघडली.

आणि ती उघडली कशी? कुठलीही जादू नव्हती. त्या काळच्या व्हॅक्स मशिन कंपनीतून येताना काही खाती आधीच तयार असायची. त्यात दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरसाठी एक, युजर 'फील्ड', पासवर्ड 'सर्व्हिस'. मशिन बसवल्यावर तो बदलायचा असतो, हे कागदावर लिहिलेलं. कुणी बदलला नव्हता. काही लष्करी ठिकाणीसुद्धा नाही. पाहुणा नुसता एकामागून एक दार ढकलत जायचा. आपल्याकडे पेपर टाकणारा मुलगा जिन्याने जाताना कसा प्रत्येक मजल्यावर थांबतो, तसा. कंटाळा नाही, घाई नाही.

स्टोलने एफबीआयला फोन केला. त्यांनी विचारलं, नुकसान किती? हा म्हणाला, पंचाहत्तर सेंट. पुढचं संभाषण तुम्ही कल्पनेने जाणू शकता. सायकलची घंटी चोरीला गेली म्हणून चौकीत गेलेल्या माणसाशी होतं तेच. मग जवळपास वर्षभर हा माणूस बऱ्याच अंशी एकट्यानेच पाठलाग करत राहिला. पेजर कमरेला लावून. पाहुणा एखादी नाजूक फाइल उतरवायला लागला की स्टोल तारेवर किल्ल्यांचा जुडगा घासायचा, म्हणजे लाइनवर खरखर होऊन फाइल नासावी आणि समोरच्याला वाटावं लाइनच खराब आहे. माग निघाला तो थेट पश्चिम जर्मनीत, ब्रेमेनच्या विद्यापीठातून हॅनोव्हर शहरात. पण हॅनोव्हरची टेलिफोन एक्स्चेंज जुनी होती, कॉल शोधायला बराच वेळ लागायचा आणि पाहुणा तेवढा टिकायचा नाही. मग १९८७ च्या जानेवारीत स्टोल आणि त्याच्या मैत्रिणीने मिळून एका काल्पनिक लष्करी प्रकल्पाच्या ढीगभर बनावट फाइली रचून ठेवल्या. पाहुणा वाचत बसला, लाइन चालू राहिली, माग पूर्ण झाला. नाव निघालं मार्कुस हेस. तो आणि त्याचे साथीदार मिळवलेली माहिती सोव्हिएत केजीबीला विकत होते. १९९० मध्ये खटला झाला, शिक्षा झाल्या, पण त्या स्थगित.

म्हणजे कुठलंही गुप्त काम नसलेल्या एका साध्या संस्थेचा, केजीबीसाठी जिना म्हणून वापर झाला. तिथे चोरण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच तिथे पहारा नव्हता.

थोडं विषयांतर. या पाठलागात स्टोलची गाठ रॉबर्ट मॉरिस या माणसाशी पडली होती, जो तेव्हा अमेरिकेच्या एनएसएसाठी काम करत होता. याच मॉरिसने केन थॉम्पसनबरोबर १९७९ मध्ये पासवर्डवर एक निबंध लिहिला होता. त्यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २८३१, म्हणजे ८६ टक्के, सहज ओळखता येण्यासारखे निघाले. एकाच अक्षराचे, दोन अक्षरांचे, शब्दकोशातले. ही आकडेवारी प्रसिद्ध झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर पहिला मोठा 'वर्म' सुटला, त्याच्या पोटात अंदाज करायला ४३२ शब्दांची यादी होती आणि ती भरपूर ठिकाणी लागू पडली. तो वर्म कुणी सोडला? मॉरिससाहेबांच्याच मुलाने! कॉर्नेलला शिकत होता. घरात पासवर्डवर बोलणं होत असणार, दुसरं काय. त्या गोंधळानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकांची 'फायर ब्रिगेड' म्हणावी अशी सीईआरटी स्थापन झाली. आपली सर्ट-इन आली ती २००४ मध्ये.

इथवर ऐकून मामा म्हणाला, "ते अमेरिकेतलं. लष्कर वगैरे. मी कुणाचा जिना होणार?"

तर मामासाठी दुसरी गोष्ट, त्याच्याच धंद्याच्या मापाची. पेनसिल्व्हेनियात फाझिओ मेकॅनिकल नावाची एक कंपनी, काम काय तर दुकानांना रेफ्रिजरेशन बसवून देणं. २०१३ मध्ये त्यांच्याकडे कुणीतरी मेलमधून आलेली भलती गोष्ट उघडली. चोरांना त्यांच्या शीतकपाटांशी घेणं-देणं नव्हतं. पण त्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं, 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीचं, सप्लायर लोकांसाठीचं बिलिंगचं लॉगिन त्यांच्या कॉम्प्युटरवर होतं. त्या लॉगिनने चोर टार्गेटच्या आत शिरले आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या ऐन खरेदीत सुमारे चार कोटी कार्डांचे तपशील घेऊन गेले. पुढच्या मे महिन्यात टार्गेटच्या सीईओने पद सोडलं.

मामाचा चहाचा कप हवेतच थांबला. कारण मामासुद्धा चाकणच्या एका मोठ्या गाडीवाल्या कंपनीचा व्हेंडर आहे. बिलं त्यांच्या पोर्टलवर चढवतो. पोर्टलचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेला आहे. ज्या ड्रॉइंगांना तो 'चार ड्रॉइंगं' म्हणतो ती त्याची नाहीतच, त्या कंपनीची आहेत. पैशाचा फटका सोसता येतो म्हणाला, पण "व्हेंडर लिस्टमधून नाव उडालं तर गाळा विकावा लागेल." हे तो स्वतःशीच बोलला.

शेजाऱ्याला लागलेल्या चुन्याचाही इतिहास आहे बरं का. एवाल्दास रिमासाउस्कास या लिथुआनियन गृहस्थाने २०१३ ते २०१५ या काळात, तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर या खऱ्या सप्लायरच्या नावाने खोट्या मेल आणि बिलं पाठवून १२ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उकळली. कुणाकडून? गूगल आणि फेसबुककडून. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने स्वतःला फार मूर्ख समजायचं कारण नाही. जिथे जगातले सर्वांत हुशार म्हणवणारे इंजिनिअर भरलेत तिथल्या अकाउंट्स खात्यानेही फोन उचलून विचारलं नव्हतं, "खरंच खातं बदललंय का हो?"

आणखी एकच गोष्ट, कारण ती आपल्या दारापर्यंत आली होती. युक्रेनमध्ये एका कुटुंबाची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती, 'मीडॉक' नावाचं हिशेबाचं आणि कर भरायचं सॉफ्टवेअर बनवणारी. आपल्याकडे टॅली तसं तिकडे ते. रशियन लष्कराशी संबंधित हल्लेखोरांनी या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्ये घुसून २७ जून २०१७ ला अपडेटमधूनच 'नॉटपेट्या' सोडला. परत तोच प्रकार बघा, छोट्या कंपनीचा जिना! तो खंडणी मागायचं नाटक करायचा, पण पैसे भरले तरी डेटा परत मिळायची सोयच त्यात नव्हती. युक्रेनमध्ये ऑफिस असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीत तो पोचला, आणि तिथून जगभर. त्यांचे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. न्हावा-शेवाला जेएनपीटीमध्ये त्यांच्या समूहाचं एक टर्मिनल आहे, तेही ठप्प झालं.

(मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिला होता. मे महिन्यात वॉनाक्राय येऊन गेला तरी असंख्य लोकांनी तो टाकला नव्हता. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर नॉटपेट्या मशिनमधले पासवर्ड उचलूनही पसरत होता, त्यामुळे एका पॅच न केलेल्या मशिनने शेजारच्या शहाण्या मशिनांनाही बुडवलं. 'अपडेट करा' हा सल्ला खरा आहे, पुरेसा नाही.)

मर्स्ककडे बॅकअप नव्हते का? होते. पण सगळ्या नेटवर्कची वंशावळ ज्यात असते ते डोमेन कंट्रोलर, ते एकमेकांचीच नक्कल ठेवत होते. एक गेला की दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं. जगभर शोधाशोध झाल्यावर एकच जिवंत सापडला, घानामध्ये. तो का वाचला? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने जगातली तेव्हाची सर्वांत मोठी कंटेनर कंपनी वाचवली. तिथून डेटा नेटवरून पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, म्हणून शेवटी माणसाने हार्ड डिस्क हातात घेऊन विमानाने इंग्लंड गाठलं.

हे ऐकून मामाने जे केलं त्याने मला धक्काच बसला. उठला आणि बॅकअपची हार्ड डिस्क कॉम्प्युटरमधून उपसून हातात घेतली. ती गेली तीन वर्षं कायमची लावलेलीच होती. "म्हणजे ही लाइट गेलेली पाहिजे," म्हणाला. इतकं नेमकं मला हापिसातल्या प्रेझेंटेशनमध्ये कधी सांगता आलेलं नाही.

मग शनिवारची दुपार त्यातच गेली. दुसरी डिस्क आणली. एक मामाच्या घरी, एक गाळ्यावर, आळीपाळीने, आणि बॅकअप झाला की काढून ठेवायची. त्यातली एक फाइल परत उघडूनही पाहिली, कारण उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला आंबा. मेलला पासवर्डशिवाय मोबाइलवरची दुसरी खात्री लावली. बँक खातं बदलल्याची मेल आली तर आपल्या डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, हे अकाउंट्सच्या मुलीला सांगितलं. सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर केबिनमध्ये, कामगार आयुक्तांच्या पाटीखाली चिकटवला. इथे तासांचा हिशेब असतो. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तर अडवता येतात. पिवळी चिठ्ठी फाडली. सीसीटीव्हीचा डबा उघडला तर युजर 'अ‍ॅडमिन', पासवर्ड '१२३४५'. 'फील्ड' आणि 'सर्व्हिस'ची नातवंडं! २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रकाराने असेच साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

स्टोलचं पुढे काय झालं, ते राहिलंच. १९९५ मध्ये त्याने न्यूजवीकमध्ये लेख लिहून सांगितलं, की इंटरनेटवरची खरेदी वगैरे सब झूठ, असलं काही होणार नाही. आणि नंतर स्वतःच जालावर दुकान थाटून काचेच्या क्लाइन बाटल्या विकायला लागला. माल घराखालच्या बुटक्या जागेत ठेवलेला, आणि तो काढायला त्याने स्वतः बनवलेली छोटी रिमोटवाली गाडी. म्हणजे तोही शेवटी मामासारखाच झाला.

निघता निघता सहज म्हणून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली युजरची यादी उघडली. चार नावं. एक मामाचं, एक अकाउंट्सच्या मुलीचं, एक सीएच्या ऑफिसचं. चौथं नाव आधीच्या अकाउंटंटचं. तो दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून नाशिकला गेलाय. मला एकदम स्व्हेंटेक आठवला. बदलांच्या नोंदी बघितल्या, तर त्या नावाने शेवटची नोंद परवाच्या मंगळवारची, रात्री साडेनऊची. अंगावर काटा आला. मामाला हळूच दाखवलं.

मामाने चष्मा वर केला, स्क्रीनजवळ जाऊन वाचलं आणि म्हणाला, "अरे, तो मीच. माझा पासवर्ड मी कधीच विसरलोय. त्याचा सोपा होता."